भाचीची परीक्षा आणि माझी पाठ

आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कुस्तीतलं कळणारा माणूस मी एकटाच, आणि मला कुस्तीतलं काहीही कळत नाही.

हा गैरसमज माझ्या डाव्या कानाने पसरवला. पैलवानांचे कान घासून घासून मोडतात आणि सुक्या अंजिरासारखे आकसतात, तसा माझा डावा कान आहे. आठवीत असताना मी म्हशीला पेंड घालायला गेलो होतो. तिनं माशी हाकलायला मान फिरवली आणि शिंग माझ्या कानावर बसलं. कान आठ दिवस पुरीसारखा फुगला आणि मग जो आकसला तो कायमचा. मी याबाबत कधी खोटं बोललेलो नाही. एसटीत शेजारचा माणूस कानाकडे बघून आदराने विचारतो, "पैलवान, कुठली तालीम?" तेव्हा मी खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणतो, "सोडलं आता ते सगळं." (हे खरंच आहे. म्हशीला पेंड घालणं मी त्याच दिवशी सोडलं.)

सोनईच्या हायस्कूलमध्ये मी भूगोल शिकवतो. वय चाळीस, वजन ब्याऐंशी. वर्गात नकाशा टांगायला स्टुलावर चढलो तरी मला धाप लागते. तर अशा या माजी मल्लाला गेल्या उन्हाळ्यात अक्काचा फोन आला.

"बापू, रविवारी कोल्हारला ये. रेणूचं काय करायचं ते तुला ठरवायचंय."

अक्का माझी थोरली बहीण आणि रेणू तिचं शेंडेफळ. बारावी झालेली, पाच वर्षं कोल्हारच्या तालमीत घाम गाळणारी. तिला पुण्याकडच्या एका कुस्ती केंद्राने निवडलं होतं. दोन वर्षं तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं आणि पुढे मोठ्या स्पर्धा. इकडे दाजींनी नर्सिंग कॉलेजचा फॉर्म भरून ठेवलेला. दोन्हीकडे हो-नाही कळवायला आठवडा उरला होता.

मागून दाजींचा आवाज आला. "त्यानला म्हनावं, पोरीचा खेळ बघा, तिच्यात दम किती, पुढं काही हाय का न्हाई, ते सांगा. कळनाऱ्या मानसानं सांगितलं का मग आमी ऐकू."

त्याच वेळी मी "दाजी, मला यातलं कळत नाही" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू, येतो."

मग दोन दिवस मी मोबाईलवर कुस्त्या बघितल्या. डावांची नावं वहीत उतरवली. वहीत रकाने आखले, कारण रकाने आखल्याशिवाय मास्तराला कुणाबद्दल काही मत होत नाही. कौशल्य, बळ, उणिवा, भवितव्य. सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, भाजी निवडत हे सगळं बघत होती.

"पोरीचं आयुष्य तुमी मोबाईल बघून ठरवनार का?" तिनं विचारलं.

"मी फक्त उजळणी करतोय."

"शिकलावता कदी, उजळनी करायला?"

मी मोबाईलचा आवाज वाढवला.

रविवारी सकाळी कोल्हारला पोचलो. तालीम प्रवरेच्या काठाला, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये. एका बाजूला लाल माती, दुसऱ्या बाजूला मॅट. दहाबारा मुली सराव करत होत्या. वस्ताद साठीचे, बुटके, एखाद्या रांजणासारखे. त्यांनी मला नखशिखान्त बघितलं. नजर कानावर थांबली आणि ते एकदम दोन पावलं पुढे आले.

"या पावणं. रेनूनं सांगितलंच न्हाई का मामा आपल्यातलाच हाय. कुठं हुता?"

"सोडलं आता ते," मी म्हणालो. एसटीतली सवय.

त्यांनी मला मानाने खुर्ची दिली. मी वही उघडली आणि परीक्षकाचा चेहरा केला.

रेणू माझ्या पाया पडून गेली आणि छताला टांगलेला दोर धरून वर चढायला लागली. पाय न लावता, नुसत्या हातांनी. घाई नाही, धडपड नाही. पाणी शेंदल्यासारखी ती स्वतःलाच वर शेंदत होती. ती वर टेकून खाली आली, पुन्हा गेली, असं सहा वेळा. मग मॅटवर कमान टाकून नुसत्या मानेवर अंग तोललं आणि तिच्या पोटावर दुसरी मुलगी उभी राहिली. याच मानेवर मी तिच्या लहानपणी झबल्याची नाडी बांधलेली आहे. मी वहीत लिहिलं, 'मान बरी.' मग ते खोडलं. त्या मानेला 'बरी' म्हणणं मला इमानाला धरून वाटेना.

उणिवांच्या रकान्यात मात्र काहीतरी लिहायलाच हवं होतं. मी वस्तादांना गंभीरपणे म्हणालो, "पट काढायला किंचित उशीर होतोय का हो?"

पट काढणं म्हणजे झेप घेऊन समोरच्याचा पाय धरणं. हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

वस्ताद विचारात पडले. "तुमाला वाटतंय तसं? मला तर कदी दिसलं न्हाई. पन बाहेरच्या मानसाला दिसतं कदीकदी." मग त्यांनी माझा कान पुन्हा एकदा डोळे भरून बघितला. "असं करू. तिची जोडीदारीन पाय मुरगळून घरी हाय. तुमीच उभं ऱ्हावा. अंगावर आल्यावर खरा उशीर कळतो."

"नको, आता सवय राहिली नाही."

"नुसतं उभं ऱ्हायचं. हाडात मुरलेलं कुठं जातं?"

बारा मुली माझ्याकडे बघत होत्या. मी चष्मा काढला, पाकीट काढलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मॅटवर उभा राहिलो. रेणू जवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, खरंच करू का?"

"कर कर, हातचं राखू नकोस," मी म्हणालो. आजवर काढलेल्या उद्गारांत याच्याइतका पश्चात्ताप मला कशाचाच झालेला नाही.

वस्तादांनी टाळी वाजवली. समोर रेणू होती. मग ती नव्हती. गुडघ्यामागे काहीतरी लागलं आणि जमीन माझी राहिली नाही. शेडचे पत्रे दिसले, छताच्या लोखंडी कैचीवर बसलेली चिमणी दिसली, भिंतीवरचा मारुती उलटा दिसला. मी भूगोलाचा मास्तर असूनही त्या क्षणी मला एकही दिशा सांगता आली नसती. मग मॅट आली.

आवाज मोठा झाला, पण डोकं आपटलं नाही. डोक्याखाली काहीतरी होतं. मी वळून बघितलं तर रेणूचा तळहात. ब्याऐंशी किलोचा मामा तिनं उचलला, फिरवला, टाकला आणि तो खाली पोचायच्या आत त्याच्या डोक्याखाली हातही ठेवला. मला अजून श्वास सापडत नव्हता. ती माझ्यावर वाकून शांतपणे विचारत होती, "मामा, बोटं हलवा. मान दुखते का?"

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. पावसाळ्यात भंडारदऱ्याचं पाणी सुटतं तेव्हा पुलावर उभं राहून खाली बघताना जसा माणूस गप्प होतो, तसा मी पडल्यापडल्या गप्प झालो.

"उशीर झाला का?" वस्तादांनी मनापासून विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

इतक्यात दारातून कुणीतरी धावत आलं. दाजी होते. लेकीला दुधाची किटली द्यायला आलेले, त्यांनी सगळं बघितलं होतं. माझी कंबर धरली होती, त्यामुळे उठायचा प्रश्न नव्हता. दाजी माझ्याशेजारी मॅटवरच बसले.

"लागलं का?"

"दाजी, आधी एक सांगतो," मी छताकडे बघत म्हणालो. खोटं बोलायला लागणारी ताकदही उरली नव्हती. "मला कुस्तीतलं काही कळत नाही. मी कधी तालमीत गेलो नाही. हा कान म्हशीने मोडलाय."

"मला म्हाईत हाय की," दाजी म्हणाले. "म्हैस आमच्याच घरची. आमच्या लग्नानंतर आमीच दिलीवती तुमाला."

मी पत्र्यांनाच विचारलं, "मग मला कशाला बोलावलं?"

दाजींनी किटलीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "मला वाटलं, तुमी मास्तर मानूस, न्हाई म्हनाल. मंजी मला न्हाई म्हनायला नको. पोरगी माझ्याशी बोलायची ऱ्हायली असती हो. तिकडं एकली ऱ्हानार, काही मोडलं-बिडलं तर... मला झोप लागंना."

रेणू लांब उभी होती. तिला ऐकू जात नसावं, पण तिनं आमच्याकडे पाठ केली होती आणि तिचे खांदे ताठ होते.

"दाजी," मी म्हणालो, "मला तिनं टाकलं ते सोडा, मला कुणीही टाकील. पण टाकताना तिनं माझं डोकं सांभाळलं. एवढ्या वेळात मला भ्यायलाही जमलं नव्हतं. जी दुसऱ्याची मान एवढी सांभाळते, ती स्वतःची सांभाळील. हिला अडवलं तर आपण दोघं जन्मभर तोंड लपवू."

दाजी उठले, लेकीकडे गेले आणि किटली तिच्या हातात दिली. "पी," ते म्हणाले. "आन तिकडं दूध कसलं देत्यात, ते इचारून घे." रेणूने किटली तोंडाला लावली ती बराच वेळ खाली घेतली नाही. डोळे पुसायला आडोसा हवा होता बहुतेक.

जूनमध्ये रेणू गेली. तिचा फोन येतो. तिथल्या मुली तिच्यापेक्षा भारी आहेत, रोज पडते, असं ती इतक्या आनंदाने सांगते की दाजी फोन माझ्या हातात देऊन गोठ्याकडे निघून जातात.

मला मात्र वस्तादांनी सोडलं नाही. मी कंबर धरून निघालो तेव्हा ते रस्त्यापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "राग मानू नका पावणं. तुमच्यात ताकद न्हाई, डाव न्हाई, चपळाई तर अजिबात न्हाई. पन पडता लई झ्याक. नव्या पोरी मोठ्या मानसाला हात घालायला भेत्यात. तुमच्यासारखा मानूस मिळाला तर त्यांची भीड चेपंल."

तेव्हापासून दर रविवारी मी सोनईहून कोल्हारला पडायला जातो. सुनंदा डब्यासोबत मलमाची डबी देते. मागच्या रविवारी महिन्याभरापूर्वीच आलेल्या एका सातवीतल्या मुलीनं मला पहिल्यांदा पाडलं. तिचा आनंद गगनात मावेना. न्यायला आलेल्या आईकडे ती धावत गेली आणि म्हणाली, "आई, मी सोनईच्या सरांना पाडलं."

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगलं झालं हां," ती म्हणाली. "आता एखादा पैलवान पाड."