पालीच्या वाटेवरचा लांडगा

सकाळी साडेअकराची वेळ. रत्नागिरीची मामलेदार कचेरी. शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम नुकती निवळली होती, आणि व्हरांड्यात उभा राहून मी एक पंचनामा वाचत होतो. पालीजवळच्या वाडीतला धोंडू, खोताचं कूळ, रानाच्या वाटेवर लांडग्याने मारला, असं त्यात लिहिलं होतं. धोंडू दुसऱ्याच आठवड्यात वेठीच्या खटल्यात खोताविरुद्ध साक्ष देणार होता!

जे छापता येत नाही, त्याचेच बातमीदाराकडे किस्से होतात. या लांडग्याचे माझ्याकडे बरेच साठले आहेत.

*

पंचनाम्यावर पाच अंगठे. त्यातल्या एका म्हाताऱ्याला मी वाडीत गाठलं. "आजोबा, लांडगा पाहिलात?"

"आमी अंगठा दिलाव. कागद मागनं लिवला. लांडगा कदी बगलाव नाय!"

*

महिन्याभरात खोताने लांडगा मारल्याचं जाहीर केलं. कातडं ओटीवर टांगलं. बघायला रांग लागली. आंबा घाट उतरून आलेला एक धनगर त्या रांगेत होता. त्याने कातड्यावरून हात फिरवला.

"खोतसाहेब, मी जलमभर लांडग्याशी भांडतोय. ह्ये तरस हाय!"

खोत शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे तरस असेल. इथे हा लांडगा!"

*

मी फौजदाराकडे गेलो. "साहेब, आमच्या भागात लांडगा पाहिलेला एक माणूस दाखवा."

"मी पाहिलाय की!"

"कुठे?"

"कोल्हापूरला."

एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा!

*

शिमग्यात वाडीतल्या पोरांनी लांडग्याचं सोंग काढलं. सोंग नाचत नाचत खोताच्या अंगणात शिरलं. त्याच्या डोक्यावर थेट खोतासारखी पगडी! ढोल थांबला.

"कोण रे तू?" खोत ओरडला.

सोंगाने पगडी सावरली. खोताने चार माणसांची नावं घेतली. पाचवं कुणीतरी पुढे आलं आणि म्हणालं, "सगळ्यांचीच घ्या!"

पावसाळ्यापूर्वी त्या वाडीतल्या तीन घरांची शेतं काढून घेतली गेली. ही बातमी मी दिली. संपादकांनी छापलीही, पण तिसऱ्या पानावर, जाहिरातींच्या खाली. मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

*

धोंडूची बायको सगुणा दर सोमवारी पालीहून चालत कचेरीत यायची. चौकशी पुन्हा व्हावी, एवढंच मागायची. एकदा कारकून वैतागला. "बाई, जनावराने मारलं. जनावरावर खटला कसा भरायचा?"

ती म्हणाली, "भाऊ, धनी शेळी घेवन गेलं होतं. शेळी सांजच्याला घरी आली. अंगावर ओरखडा नाय! लांडग्यान शेळी सोडलान नि मानूस धरलान?"

सगुणाने पदरातून शेळीच्या गळ्यातलं दावं काढलं. हातभर उरलेलं. दाताने तुटलेला दोर विसकटतो. हा सरळ कापलेला होता, कोयत्याने कापावा तसा.

ते दावं तिने माझ्यासमोर कचेरीत जमा केलं. पोच घेतली. पोच माझ्याकडे आहे.

दावं कचेरीत नाही.