न मिटलेलं अवतरणचिन्ह
अवतरणचिन्ह टाइप करताना अजूनही माझं बोट क्षणभर थबकतं. नाशिकला नोकरीला लागलो त्या वर्षी मी याद्या वाचणारी एक छोटीशी कोड लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती. हजारो ओळी ती चुटकीसरशी वाचायची, कुठेच अडायची नाही, आणि त्याचाच मला माज होता. एकदा मोतीबिंदूच्या शिबिराची यादी तिच्यातून गेली. सायखेडा गावच्या कुणीतरी यादी भरताना एका नावापुढे टोपणनाव लिहिताना अवतरणचिन्ह उघडलं आणि मिटवलंच नाही. चिन्ह मिटेपर्यंतचं सगळं एकच नाव समजून माझ्या लायब्ररीने पुढची सगळी नावं हूं की चूं न करता त्या एका नावात गिळली. पेशंटना शिबिराला आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या यादीत ती माणसं आलीच नाहीत, त्यामुळे त्यांच्या वस्तीवर गाडीही गेली नाही. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो, तर राहिलेल्यांपैकी एक आजी ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी बांधलेली पिशवी तशीच. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "माझंच चुकलं बाबा. दिवसभर फाट्यावर उभी व्हते, पन गाडी येऊन गेली ती मला दिसलीच नाय." गाडी आलीच नव्हती हे न सांगता मी नुसती होकारार्थी मान हलवली. आता माझी लायब्ररी न मिटलेल्या चिन्हापाशी थांबते, कुणी तपासून दुरुस्त करेपर्यंत पुढे जात नाही. ऑफिसात सगळे तिला मंद म्हणतात, आणि मी त्या दिवशीसारखीच नुसती मान हलवतो.