यादीतलं पुस्तक

मराठी विभागात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. अभ्यासक्रम बदलायची बैठक झाली की दोन-चार आपोआप घडतात आणि वर्षानुवर्षं विभागातच राहतात. पुस्तकांचंही आमच्याकडे तसंच आहे. एकदा नेमलं की हलत नाही.

मी मोताळ्याला कॉलेजात शिकवते. अभ्यास मंडळावर पहिल्यांदा गेले, तेव्हा नवा अभ्यासक्रम करायचा म्हणून केवढा उत्साह! अध्यक्षांनी जुना अभ्यासक्रम उघडला, वरचं साल बदललं आणि चहा मागवला.

मी म्हटलं, "सर, हे सगळं तर मी स्वतः शिकलेय."

ते प्रसन्न झाले. "मग तुम्हाला शिकवायला सोपं जाईल."

*

एकदा मी हट्टाने एक नवी कादंबरी सुचवली. अध्यक्षांनी वाद घातला नाही. सगळ्यांसमोर पुस्तकवाल्याला फोन लावला. "गाईड आहे का हो हिचं?" पलीकडून 'नाही' आलं.

"बघा मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "कादंबरीला अजून दर्जा आलेला नाही."

*

आमचे रफिक सर वरवट बकालचे, विभागात सगळ्यांत ज्येष्ठ. कपाशीतलं तण निंदताना बायका गाणी म्हणायच्या, त्या गाण्यांवर पुस्तक लिहायचं त्यांचं जुनं स्वप्न. एकदा संदर्भग्रंथांच्या यादीत एक ओळ रिकामी राहत होती. सरांनी तिथे आपल्या पुस्तकाचं नाव टाकून दिलं, 'निंदणीची गाणी'.

"सर, पण पुस्तक कुठे आहे?"

"लिहून राह्यलो ना मॅडम. यादी छापून येईस्तोवर होते."

यादी छापून आली. पुढच्या अभ्यासक्रमात तीच उतरली, त्याच्या पुढच्यातही. पुस्तकाचं एक पानसुद्धा झालं नव्हतं.

*

मग माझ्या वर्गातल्या एका मुलीने उत्तरात लिहिलं, "रफिक सर 'निंदणीची गाणी'मध्ये म्हणतात त्याप्रमाणे..." तपासणाऱ्यांनी बाजूला शेरा दिला, 'संदर्भ उत्तम.' मी पेपर सरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"चांगलं म्हटलं की मी," ते म्हणाले.

*

पुढे एका चर्चासत्रात खुद्द अध्यक्षांनी भाषण केलं. "रफिक सरांनी पान एकशे बारावर हा प्रश्न कायमचा निकालात काढला आहे." सर माझ्या शेजारीच बसले होते. मी हळूच म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना."

"काऊन सांगू? तो माणूस एकशे बारा पानं झाली म्हन्ते. इथं मले पहिलंच सुचून नाही राह्यलं."

*

निवृत्त झाल्यावर मात्र सर खरंच कामाला लागले. तणनाशकाचे फवारे आल्यापासून निंदणी कमी झाली होती, गाणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या. वरवट बकालपासून सुलतानपूरपर्यंत सर त्यांच्या ओट्यांवर जाऊन बसले, गाणी उतरवून घेतली. सुलतानपूरच्या एका आजींनी विचारलं, "पण हे पोरी वाचतील का?" सरांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

छापील पुस्तक हातात आलं तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण संदर्भग्रंथ कोण वाचतं? पोरींनी वाचायचं तर ते पाठ्यपुस्तक म्हणून नेमलं जायला हवं होतं. मी सरांना घेऊन बैठकीला गेले.

अध्यक्षांनी थेट पान एकशे बारा उघडलं. तिथे त्या आजींचं गाणं होतं. अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली.

"सर, या विषयावर तुमचा मूळ ग्रंथ यादीत असताना हा कशाला?"

"तोच हाये हा, साहेब," रफिक सर म्हणाले. "लिहून आत्ता झाला."

अध्यक्षांनी पुस्तक मिटलं आणि सरांकडे परत सरकवलं.

"चेष्टा करता काय सर? तो मी वाचलाय."