तोंड मिटलं की थांबायचं

तीस वर्षं ती पोरांचे आवाज काढत आली. पडद्यावर मुलगा तोंड हलवणार आणि त्याच्या जागी बोलणार ही, पन्नाशी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली बाई. डबिंगच्या त्या स्टुडिओत सगळे तिला थट्टेने 'चिरंजीव' म्हणायचे. चिरंजीवांचा घसा बसलाय, चिरंजीवांना कोमट पाणी द्या.

मग तिचा स्वतःचा मुलगा, अकरा वर्षांचा, एका लॉन्ड्रीवाल्याच्या भरधाव टेम्पोखाली गेला. ती कामावर परतली त्या दिवशी एकदम 'ताई' झाली. कुणी कुणाला बजावलं नव्हतं.

लॉन्ड्रीवाला शिक्षा भोगून आला आणि त्याने दुकान पुन्हा उघडलं. तेव्हापासून दर शनिवारी ही समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायची. शिव्या नाहीत, शाप नाहीत, नुसती बघायची. त्याचा इस्त्रीचा हात अडखळायचा, गिऱ्हाईक काढता पाय घ्यायचं. नवऱ्याने हात टेकले. लोक म्हणतात, वेळ जाऊ दे. वेळ जाऊन झालं एवढंच, की शनिवार वाढत गेले.

अशात ती कार्टून फिल्म आली. बापाला मारणाऱ्याच्या मागे लागलेला, लाल मुखवट्यातला, उडणारा मुलगा. हिने ते काम दातओठ खाऊन केलं. शेवटच्या प्रसंगात तो खुनी पायाशी पडलेला असतो. मुलगा मूठ उगारतो, मग हात खाली घेतो आणि म्हणतो, "सोडलं तुला."

कागदावर तेच लिहिलं होतं. हिच्या तोंडून आलं, "सोडणार नाही तुला."

दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदाही तेच. एरवी एका दमात काम उरकणारी बाई ही.

"ताई," काचेपलीकडून दिग्दर्शक हळूच म्हणाला, "त्याचं तोंड मिटतंय आणि तुमचा आवाज चालूच आहे."

नवख्याने करावी अशी चूक. ती मनातून ओशाळली. दिग्दर्शक आत येऊन बसला, म्हणाला, वाक्य बदलून बघू. तिने नकारार्थी मान हलवली. त्या पोराचं तोंड थोडंच बदलता येणार होतं?

तिने एकदा आवाज बंद करून नुसतं चित्र बघितलं. मुलाने मुखवटा काढला होता. घामाने केस कपाळाला चिकटले होते. तिने नाकातून श्वास ओढला, मध्येच अडकणारा. तिचा लेक रडण्याआधी असाच श्वास घ्यायचा. तो सात वर्षांचा असताना तिने तो श्वास त्याच्याकडून उचलला होता, आणि लेक गेल्यावरही पडद्यावरच्या प्रत्येक पोराला देत आली होती.

"सोडलं तुला."

शब्द ओठांवर बरोब्बर बसले. दिग्दर्शकाने अंगठा दाखवला. तिने ते तीनदा ऐकलं. कानात लेकच बोलत होता, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"जमलं की ताई. माफ केलंत त्याला," दिग्दर्शक म्हणाला.

"त्या लॉन्ड्रीवाल्याला? नाही रे," ती म्हणाली. "त्याला नव्हतं म्हटलं मी ते."

तिने हेडफोन काढून स्टँडवर ठेवले, नाक पुसलं.

"किती वर्षं बोलायला लावलं मी माझ्या लेकाला," ती म्हणाली. "पुढच्या फिल्ममध्ये मुलगा दुसऱ्या कुणाला दे. मला आईचं काम असेल तर सांग."