वरच्या दोन मिरच्या

मुलगी पहिलीत होती तेव्हा तिच्या बाईंनी दर शनिवारी वर्गात बाजाराचा खेळ सुरू केला. मुलांनी घरून काहीतरी आणायचं, भाव स्वतः ठरवायचा, ओरडून विकायचं. पैशांच्या जागी चिंचोके, प्रत्येकाला वीस. पालकांनी व्हरांड्यातून बघायचं, बोलायचं नाही. मुलांची धंद्याची भीती लहानपणीच मोडावी, हा बाईंचा हेतू. आमच्या तीन पिढ्यांत कुणी धंदा केलेला नाही. मला ते फार पटलं.

पहिल्या शनिवारी तिने परसातल्या कोथिंबिरीच्या बारा जुड्या नेल्या. चिंचोक्याला एक जुडी, वर दोन मिरच्या फुकट. आष्ट्याच्या बाजारात आमची नेहमीची भाजीवाली तशाच वर टाकते, ते तिने पाहिलेलं. वर्गात सगळ्यांआधी तिचाच माल संपला.

घरी मी कागद घेतला. चोवीस मिरच्या; चिंचोक्याला चार धरल्या तरी सहा चिंचोके बुडाले. बाराचे अठरा झाले असते. तिला ते नीट मांडून दाखवलं.

बायको म्हणाली, "आवं, चिंचोक्यांचं पण ऑडिट लावलंय व्हय? लेकरू खेळतंय."

"सवय आत्ताच लागते," मी म्हणालो.

दुसऱ्या शनिवारी, आधी जुडी नेलेली तिची मैत्रीण पुन्हा आली. "मिरची न्हाई व्हय?"

"त्याला येगळा चिंचोका."

"मग ऱ्हाऊ दे. लय शाणी झालीस!" आणि ती शेजारी पोतं अंथरून बसलेल्या पोराकडे गेली. सात जुड्या कोमेजून घरी आल्या. मी पुन्हा कागद घेतला. नवा भाव काढला.

तिसऱ्या शनिवारी कुणी भाव विचारला की ती आधी व्हरांड्याकडे बघायची. मी बोटं दाखवायचो. बोलायचं नाही, हा नियम मी पाळत होतो. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पप्पा, दुकान तिचं आहे ना?" मला राग आला. गणित चुकलं असेल तर दाखवा, असं मी म्हटलं. त्या आत गेल्या.

गणित आजही तपासलं तर बरोबरच येतं. पहिल्या शनिवारी दोन पोरी दुसरी जुडी घ्यायला तिच्याकडे परत आल्या होत्या, ते मात्र मी कुठे धरलं नव्हतं.

यंदा ती चौथीत आहे. शाळेत खऱ्या पैशांचा बाजार भरणार आहे. परवा तिला आणायला गेलो, तेव्हा नव्या बाई विचारत होत्या, तू काय विकणार?

"पप्पांना विचारून सांगते," ती म्हणाली.