लोह्याला न उतरता

पाच वर्षं लातुरात काढली आणि गंजगोलाईला एकदाही नुसती चक्कर मारली नाही. गेले ती दरवेळी पत्रकांचा गठ्ठा घेऊनच. सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात, आणि कोणत्या रस्त्याच्या तोंडाशी उभं राहिलं की लोक पत्रक वाचतात, कोणत्या तोंडाशी त्यात भजी बांधतात, एवढंच मला माहीत. कापड कुठे चांगलं मिळतं, बांगड्या कुठे, हे विचाराल तर मी गप्प. शहर सोडायला दोन दिवस उरले तेव्हा हे ध्यानात आलं आणि स्वतःचाच संताप आला.

आमच्या संघटनेचा विषय तुम्हाला माहीत आहे: बाजारात, स्टँडवर, कचेरीत बायकांसाठी स्वच्छ मुतारी. मुतारी हा शब्द छापायला आमच्यातल्याच काहींना लाज वाटायची. 'प्रसाधनगृह' लिहू या म्हणायचे. मी खोडून मुतारी लिहायचे. ज्या बाईला दिवसभर पाणी न पिता बाजार करावा लागतो, तिला प्रसाधन करायचं नसतं.

आता घरी का परत आले तेही सांगते. लोह्यापासून सात किलोमीटरवर आमचं गाव, गावात आमची पिठाची गिरणी. दादांच्या (आम्ही वडलांना दादा म्हणतो) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन सांगितलंय, आणि नंतर काही महिने डोळ्यांत पिठाची धूळ जाता कामा नये. गिरणीत धूळ नाही तर काय असतं? भाऊ हैदराबादेत नोकरीला, त्याची लेकरं तिथल्या शाळेत. आईच्या कमरेनं संप पुकारलेला. म्हणून मी. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही हे स्पष्ट लिहिते, कारण आपल्या लोकांना लगेच कुणाचा तरी निषेध करायचा असतो.

तर शेवटचे दोन दिवस शहर उपभोगायचं ठरवलं. बुधवारी सकाळी खोलीजवळच्या गाड्यावर सुशीला (चुरमुरे भिजवून केलेला फोडणीचा प्रकार) खाल्ला. गाडा माझ्या दारापासून चाळीस पावलांवर. मी रोज त्याच्या शेजारून पळत गेलेली. वर बारीक शेव, लिंबू पिळलेलं, हिरवी मिरची दाताखाली येईल इतकी जाड. दोन बश्या खाल्ल्या. मग गोलाईला गेले, रिकाम्या हातानं. लाल पट्ट्यांच्या चपला घेतल्या. दुपारी एकटीनं सिनेमा पाहिला. गुरुवारी तेच: उशिरा उठणं, गोलाई, ज्यूस, आणखी एक सिनेमा. घरमालकीण काकू पायरीवर गहू निवडत होत्या. मला दिवसाढवळ्या खोलीकडे येताना पाहून म्हणाल्या, "बरं नाही का गं?"

"बरंय की. फिरायला गेले होते."

"तू? फिरायला?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "पाच वर्षं नुसती झोपायला आलीस इथं. आता जायच्या टायमाला पाय फुटले होय तुला!"

मला ते लागलं, कारण खरं होतं. आणि त्या तिरमिरीत मी जे केलं ते असं: दादांना फोन लावला. शुक्रवारी सकाळी निघून दुपारच्या आत पोचते असं आधी सांगितलं होतं. आता म्हणाले, "दादा, रविवारी येते. नांदेडला बैठक हाय."

बैठक-बिठक काही नव्हती. मला आणखी दोन दिवस शहर पाहिजे होतं, लातूर पुरलं नव्हतं आणि नांदेडात माझी कॉलेजातली मैत्रीण फरजाना राहते. लोकांना पाच वर्षं शिकवलं की हक्काची गोष्ट समोर उभं राहून मागायची. स्वतःची वेळ आली तर चोरली.

"ये निवांत," दादा म्हणाले. एवढंच.

शुक्रवारी सकाळी लातूर-नांदेड गाडीत बसले. ही गाडी चाकूर, अहमदपूर करत लोह्यावरूनच पुढे नांदेडला जाते. म्हणजे माझं घर रस्त्यातच. तिकीट मात्र नांदेडचं. खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याएवढं, मध्ये तुरीच्या ओळी. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर डबा, डब्यात नातवासाठी धपाटे. त्यातलं एक तिनं न विचारता माझ्या हातात ठेवलं. मधल्या एका स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी तिला म्हणाले, जाऊन या मावशी. ती म्हणाली, "नको माय, तिथं दाराला कडीच न्हाई." स्टँडचं नाव लिहीत नाही. जिथे कडी नसेल त्या स्टँडानं ते आपलंच समजावं.

लोहा जवळ आलं तशी म्हातारीची चुळबूळ सुरू झाली. गाडी स्टँडात शिरली आणि मी उभी राहिले.

"कंडक्टर साहेब, पाच मिनिटं थांबवा. मावशींना जायचंय."

"म्याडम, आधीच लेट हाय गाडी."

"लेट गाडी तुमची. मावशीनं का सोसायचं? डायवर साहेब उतरले ना बिडी प्यायला? त्यांना टाइम हाय, बाईला न्हाई?"

मागून कुणीतरी हसलं. कंडक्टर म्हणाला, "तुमी लीडर हाव का हो?"

"लीडर न्हाई, पण लिहिते. आणि—"

तेवढ्यात दादा दिसले.

खिडकीपासून दहा पावलांवर. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. एका हातानं खांब धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "ही नांदेडला जाती का?" कुणीतरी हो म्हणालं. मग ते आमच्या गाडीच्या दाराकडे चालू लागले, पाय जमिनीवर चाचपत, जसे अंधारात टाकतात तसे. भर उन्हात.

माझं वाक्य तोंडातच राहिलं. मी खाली वाकले. चप्पल शोधतेय असं दाखवत पार सीटखाली डोकं घातलं. विचार केला असता तर वाकले नसते, पण विचार करायच्या आत मान वाकून मोकळी झाली होती.

"काय हरवलं गं माय?" म्हातारीनं विचारलं. तिला जायला मिळालं, हे या सगळ्यातलं एकच बरं काम. कंडक्टर थांबला होता. ती आली, बसली. मी अजून खालीच.

दारातून कंडक्टरचा आवाज: "बाबा, येता का? नांदेड, नांदेड!"

आणि दादांचा: "न्हाई. मागल्या गाडीनं येतो."

घंटी वाजली. गाडी स्टँडाबाहेर पडल्यावर मी वर आले. तोंडावर धूळ, आणि छाती अशी उडत होती जशी पहिल्या मोर्चात पोलीस पाहून उडाली होती. ते चढले का नाहीत? गर्दी बघून? की मला पाहून? छे, त्यांना कुठे दिसतंय, मी स्वतःला सांगितलं. मोतीबिंदूचा आधार घेतला मी. लिहून टाकते म्हणजे सुटेन.

नांदेडात फरजाना न्यायला आली. ती वजिराबादेत मोबाइलच्या दुकानात काम करते आणि मराठी-दखनी एकाच श्वासात बोलते. बैठकीची गोष्ट ऐकून रस्त्यातच उभी राहून हसली.

"तू? झूट बोल के आयी? पत्रकवाली?"

"दोनच दिवस गं."

"अगं, मग मला विचारायचं! माझ्या बहिणीचं लग्न सांगितलं असतं. बैठक म्हणे! झूट भी ढंग से बोलना आता नै तेरे को."

मग मी लोह्याचं सांगितलं. तिचं हसू गेलं. "फोन लाव. आत्ता."

"रविवारी बोलते की समोरासमोर."

"रविवारी क्या बोलेगी?"

मी फोन लावला नाही. सांगायचं म्हणजे लपलेलं सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा मजा करू, त्यासाठीच तर आलो, असं म्हणून मी मजेच्या मागे लागले. आणि तिनंही कसर ठेवली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. वजिराबादेतली सगळी दुकानं दाखवली. संध्याकाळी गोदावरीच्या (आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात) घाटावर नेलं. कणीस भाजून घेतलं, तिखट-लिंबू लावून. लोक पायरीवर बसून फोटो काढत होते, एक बाई सुनेला कसं उभं राहायचं ते शिकवत होती. मी हातात फोन धरून बसले होते. वाजला तर उचलायचा की नाही, याचाच विचार.

शनिवारी सकाळी तिच्या घरी खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं पातळ सार). तिची अम्मी वाढताना म्हणाली, "खाओ बेटी, गावात असं मिळणार नाही." मग गुरुद्वारा. पांढऱ्या संगमरवरावर अनवाणी चालताना पायांना थंड वाटलं. लंगरात पंगतीला बसलो. वरण, भाजी, रोटी. एक म्हातारे सरदारजी परातीतून रोटी देत होते, माझ्यासमोर थांबून म्हणाले, "दोनों हाथ, बेटा." रोटी इथे ओंजळ करून घ्यायची असते. माझ्या एका हातात फोन होता. घाईघाईनं तो मांडीवर ठेवला आणि भर पंगतीत लाजले. तरी मनात सारखं तेच: दादा मागल्या गाडीनं आले असतील का नांदेडला? इथेच कुठेतरी असतील का? बाजारात प्रत्येक पांढऱ्या सदऱ्याकडे वळून पाहिलं. सापडण्याची भीती होती म्हणून, हाक मारायला नव्हे. संध्याकाळी पुन्हा घाट. फरजाना म्हणाली, "तू इथं नाहीसच."

रविवारी सकाळी लोह्याला उतरले. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बारा माणसांत तेरावी होऊन गावात पोचले. आई ओट्यावर होती.

"झाली का बैठक?"

"झाली," मी म्हणाले. दुसरं खोटं.

आई पाणी देता देता बोलत राहिली. "तुझ्या दादाचं तर काय सांगू! शुक्रवारी नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरकडं निघाले होते. हैदराबादचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतेत, बारापर्यंतच नंबर घेतेत. म्हणले, पोरगी यायच्या आत तपासून तारीख घिऊन ठिवतो, तिला आल्या आल्या पळापळ नको. अन् लोह्यावरूनच माघारी आले. गाडी हुकली म्हणे! दोन घंटे आधी गेलेल्या माणसाची गाडी हुकती कशी? आता पुढल्या महिन्यात."

हातातला तांब्या मी तसाच खाली ठेवला आणि गिरणीत गेले.

दळण नव्हतं. दादा चाकावर पट्टा बसवत होते, बोटांनी कड शोधत. मी दारात उभी राहिले.

"शुक्रवारी मी त्या गाडीत होते, दादा. बैठक नव्हती."

"ठावं हाय."

"दिसले का मी?"

"दिसतंय कुठं मला. आवाज आला. कंडक्टरला झापून राहिली होतीस. म्हणलं, आली की माय, दोन दिस आधीच आली! हाक मारणार, तर तू गप्प झालीस, अन् कुणी म्हातारी खाली बघून इचारती, काय हरवलं गं माय." पट्टा निसटला, त्यांनी पुन्हा धरला. "तू अशी मधीच गप्प होत न्हाईस कधी."

"मग चढायचं होतं. तुमचा नंबर होता."

"तू लपल्यावर म्या कसा चढू? लेकीला नांदेडपस्तोर सीटखाली बसवू का?"

"मागची गाडी?"

"उशिरा आली. जाऊ दे. डोळे काय पळून जात न्हाईत. तुझ्या आईला काय बोलू नको, ती उगं डोकं खाईल."

बापाविरुद्ध, नवऱ्याविरुद्ध, सासऱ्याविरुद्ध मी किती मजकूर लिहिला असेल. त्यातला शब्दही मागे घेत नाही. तसे बाप आहेत, ढिगानं आहेत. पण माझा बाप तसा नव्हता, आणि मी त्याच्याशी तसाच असल्यासारखी वागले. दोन दिवस मागितले असते तर 'ये निवांत' म्हणाले असते. म्हणालेच होते की. उलट शुक्रवारी त्याच गाडीत माझ्या शेजारी बसून नांदेडला आले असते, डोळे तपासून झाल्यावर मला फरजानाच्या दारात सोडून परत गेले असते. हे मला आता पक्कं कळतं आणि त्याचं काहीच करता येत नाही. महिनाभर त्यांना असंच चाचपत चालायचं आहे. हा महिना मी शहरात उडवून आले.

"मज्जा आली का?" दादांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

"लई," मी म्हणाले. त्यांनी ज्यासाठी गाडी सोडली, ते फिकं गेलं असं कोणत्या तोंडानं सांगू?

"मंग झालं." पट्टा बसला. त्यांनी हात पुसले आणि पोत्यावर टेकले, ऐकायच्या तयारीनं. "घाटावर गेली होतीस? गंगेला पाणी किती हाय औंदा?"

दोन संध्याकाळ मी तिथे बसले होते. मला सांगता येईना.