अथेन्सचा लाडका लेक आणि आमची पंचायत

सत्तरीच्या दशकाची सुरुवात होती. लग्न होऊन मी देवळाली प्रवरापासून कोसभरावरच्या एका गावात आले, तेव्हा बाहेरून बी.ए.ला बसायचं खूळ माहेराहून बरोबर आणलं होतं. विषय इतिहास आणि त्यातला एक पेपर ग्रीसचा. घर शेतकऱ्याचं, माणसं मनानं मोकळी. मी तोंडाळ, तरी माझे दिवस तिथे सुखातच गेले.

आमचे हे गावचे सरपंच आणि सासूबाई पंचायतीच्या मेंबर. मेंबर म्हणजे काय, तर बायकांची जागा भरायला कोणीतरी हवं होतं. सभा चावडीत व्हायची, बाप्ये चहा पीत ठराव करायचे आणि शिपाई ठरावाची वही घरी घेऊन यायचा. सासूबाई चुलीपुढून उठायच्या, अंगठा लावायच्या आणि राखेनं बोट घासायच्या. काय ठरलं हे त्यांनी कधी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

धाकट्या नणंदेची सातवी झाली होती. गावात आठवीचा वर्ग नव्हता आणि पोरीला एकटीला कोसभर लांब कोण धाडणार? शिक्षक मिळत होता, खोली गावानं द्यायची होती. पंचायतीची एक नवी खोली तयार होती, पण तिथे खताचं गोदाम करायचं ह्यांच्या मनात होतं. वर्ग निघाला नाही तर पोरीला उन्हाळ्यात उजवून टाकायचं, हे घरात ठरल्यातच जमा होतं. पोर हुशार, त्यामुळे माझा जीव तुटायचा. मी ह्यांना सांगून पाहिलं. "पंचायतीत बायकांनी नाक खुपसू नये," एवढंच ऐकून घ्यावं लागलं. डोक्यात अशी तिडीक गेली की दोन दिवस मी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

त्याच दिवसांत एकदा ज्वारी निवडता निवडता मी सासूबाईंना माझा धडा सांगत होते. अथेन्समध्ये बायकांना ना मत, ना सभेत जागा. तरी एका बड्या पुढाऱ्याची भाषणं त्याच्या घरातली परगावची बाई रचते, अशी कुजबुज असायची. दुसरा एक पुढारी तर चेष्टेनं म्हणायचा, खरा मालक माझा धाकला पोरगा. सगळा ग्रीस अथेन्सचं ऐकतो, अथेन्स माझं, मी बायकोचं आणि बायको पोराचं.

सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. मग म्हणाल्या, "आपल्यात उलटं हाय. गाव माझ्या लेकाचं ऐकतं. आन लेक कुनाचं?"

"तुमचं, आत्याबाई," मी म्हटलं आणि तेवढ्यावर थांबले नाही. नणंदेचं, खोलीचं, गोदामाचं, सगळं सांगून टाकलं. त्या सुपातले खडे वेचत राहिल्या.

आठवड्यानं शिपाई वही घेऊन आला. मी वाचून दाखवलं. खोली गोदामाला द्यायची. नऊ मेंबरांतले चार बाजूनं, चार विरुद्ध. नववा अंगठा सरपंचाच्या आईचा, म्हणून तो आधीच बाजूनं धरलेला. आता त्या अंगठा लावणार नाहीत, झालं आपलं काम, असं मी मनात म्हटलं. अथेन्सच्या त्या बाईसारखी घरात बसून मी सूत्रं हलवली होती, आणि स्वतःवरच भारी खूश होते.

"वही घिऊन परत जा," सासूबाई शिपायाला म्हणाल्या. "सभा उठवू नका म्हनावं. मी येते."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, चपला घातल्या आणि निघाल्या. मी मागोमाग. त्यांना चावडीत पाहून बाप्ये गडबडून उभेच राहिले. हे म्हणाले, "आये, तू कशाला आलीस? घरी जा."

"घरी तू माझा लेक हायेस," त्या शांतपणे म्हणाल्या. "हितं मी मेंबर हाय. खोली पोरींच्या वर्गाला द्या. लिव्हा."

ग्रामसेवकानं ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते. मग त्यानं लिहिलं. मी दारात उभी होते आणि मला भरून आलं, पण लाजही वाटली. त्यांनी इथे यावं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढी पुस्तकं वाचून मीसुद्धा त्यांना घरातच बसवून ठेवलं होतं.

संध्याकाळी हे जेवायला बसले. सासूबाईंनी रोजच्यासारखी भाकरी वाढली, वर लोणी घातलं.  मग बहिणीकडे न बघता हे म्हणाले, "आठवीचं गनित लई अवघड असतं म्हनं. सकाळचं गोठ्यातलं शेन मी काढीन. तू अभ्यासाला बसत जा."